याकोबाचे पत्र घरात वाचताना

मजुरी, जीभ, बसायची जागा, उद्याचे बेत, आजारपण, श्रीमंताच्या बोटातली अंगठी, उपाशी शेजारी. याकोबाच्या पत्रातले हे विषय एकाखाली एक लिहून काढले, की हे पत्र आपल्याच गावात बसून कोणीतरी लिहिले असावे असे वाटते. अध्याय पाच, वचने 108. मोठ्याने वाचायला वीस मिनिटे पुरतात. येशू ख्रिस्ताचे नाव त्यात दोनदाच येते. वधस्तंभाविषयी किंवा पुनरुत्थानाविषयी थेट काही लिहिलेले नाही. आणि तरीही डोंगरावरील प्रवचनाचे पडसाद नव्या करारातल्या इतर कोणत्याही पत्रापेक्षा इथे जास्त ऐकू येतात. शपथ न वाहता होय तर होय म्हणणे, दुसऱ्याचा न्याय न करणे, कसर लागणाऱ्या धनावर भरवसा न ठेवणे, ऐकलेले करून दाखवणे, हे सगळे येशूच्या तोंडून आधी आलेले आहे. याकोब ते उचलतो आणि सरळ ऐकणाऱ्याच्या घरात नेऊन ठेवतो.

हा याकोब कोण, याविषयी प्राचीन मंडळीची परंपरा सांगते की तो प्रभूचा भाऊ. कॅथलिक बांधव त्याला प्रभूचा जवळचा नातेवाईक मानतात. यरुशलेमच्या मंडळीचा तो पुढारी झाला. जोसीफस या यहूदी इतिहासकाराने त्याच्या मृत्यूची नोंद केली आहे. इ. स. 62 मध्ये, एक रोमी सुभेदार मरण पावून दुसरा यायचा होता त्या मधल्या काळात, महायाजक अनानसाने त्याला दगडमार करवली. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र एक अवघड वाक्य आहे. येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे ते सांगते. म्हणजे ज्या माणसाच्या नावावर हे पत्र आहे त्याने येशूला प्रवचन करताना पाहण्याआधी घरात पाहिले होते: कामावरून येताना, जेवताना, आईशी बोलताना. पौल करिंथकरांना लिहितो की पुनरुत्थित प्रभूने याकोबाला दर्शन दिले. त्या दर्शनानंतर याकोबाला घरातल्या त्या वर्षांचा अर्थ नव्याने लागला असेल. विश्वासाची पारख घरातल्या वागण्यावर करण्याचा त्याचा आग्रह तिथूनच आला असावा, असे मला वाटते.

या पत्राला मान मिळायला वेळ लागला. मार्टिन ल्यूथरने 1522 साली जर्मन नवा करार छापला तेव्हा त्याने हे पत्र शेवटच्या चार पुस्तकांत ढकलले आणि प्रस्तावनेत त्याची तुलना गवताच्या काडीशी केली. त्याचे कारण आपल्याला समजते. पैसे देऊन पापक्षमेची पत्रे विकत घेता येतात असे लोकांना सांगितले जात होते त्या काळात तो झगडत होता, आणि विश्वासाने तारण हे पौलाचे शिक्षण त्याला श्वासासारखे होते. पण पौल आणि याकोब यांचे भांडण आपण जितके रंगवतो तितके ते नाही. दोघेही अब्राहामाचेच उदाहरण घेतात. पौल ज्याच्याशी बोलतो तो माणूस आपल्या पुण्याचा हिशेब देवापुढे मांडायला निघाला आहे. याकोब ज्याच्याशी बोलतो तो माणूस मी विश्वास ठेवतो म्हणून स्वस्थ बसला आहे. पहिल्याला थांबवावे लागते आणि दुसऱ्याला उठवावे लागते. आपल्या मराठी मंडळ्यांत आज दुसऱ्या प्रकारची माणसे अधिक, हे मी जबाबदारीने लिहिते आहे.

वचनाची आपल्याकडे टंचाई नाही. दाराच्या चौकटीवर वचन आहे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे वचन आहे, सकाळी सहा वाजल्यापासून व्हॉट्सॲपवर फुलांच्या चित्रासह वचने येत असतात. संडे स्कूलमधल्या मुलांना तेविसावे स्तोत्र पाठ असते. कित्येक घरांत रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना होते, एक गीत, एक शास्त्रपाठ आणि मग घरातल्या मोठ्या माणसाची लांबलेली प्रार्थना. हे सगळे मौल्यवान आहे, आणि ज्या घरांतून ते सुटले तिथे काय हरवले हे मी पाहिले आहे. परंतु बायबलवर्गात ‘आता हे वचन आपल्या जीवनाला लागू करू या’ असे म्हटले की काय होते ते आठवून पाहा. कोणीतरी म्हणते, आपण एकमेकांवर प्रेम केले पाहिजे. दुसरे म्हणते, आपण नम्र झाले पाहिजे. सगळे माना डोलावतात आणि चहा येतो. त्या उत्तरांत कोणाचे नाव नसते, रुपयाचा आकडा नसतो, वार नसतो. याकोबाला असे उत्तर चालत नाही. तो थेट विचारतो, तुमच्या शेतात कापणी केली त्या माणसाची मजुरी कुठे आहे?

या एका प्रश्नासाठी मी याकोबाच्या पत्रावरील पाठांच्या या पुस्तकातले चार पाठ मागितले आणि लेखकांनी ते दिले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कारण बायबलमधला मजुरीचा धागा फार लांब आहे आणि आपण तो क्वचितच सलग पाहतो. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात, शेजाऱ्यावर प्रेम करण्याची आज्ञा ज्या अध्यायात आहे त्याच अध्यायात, तिच्या पाच वचने आधी, मजुराचे वेतन रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये असा नियम आहे. अनुवादाचे पुस्तक त्याचे कारण देते: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशावर टांगलेला आहे, म्हणून सूर्य मावळायच्या आत दे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळीच कारभाऱ्याला मजुरी वाटायला सांगतो, आणि ती गोष्ट ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो संध्याकाळचा हिशेब ओळखीचा होता. त्या दिवशीचा पैसा त्या रात्रीच्या भाकरीसाठी असे. याकोब पाचव्या अध्यायात लिहितो की अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते आहे आणि कापणाऱ्यांची हाक सैन्यांच्या प्रभूच्या कानी गेली आहे. मजुरांनी तक्रार केली की नाही याची तो वाट पाहत नाही. पैसा स्वतःच साक्ष देतो.

आता हे आपल्या घरात आणू या. धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचा पगार आपण कोणत्या तारखेला देतो? आपला पगार एक तारखेला खात्यात जमा होतो आणि त्यांचा ‘सुट्टे नाहीत, उद्या घ्या’ करत सात तारखेवर जातो का? त्यांचा नातू आजारी पडला म्हणून दोन दिवस आल्या नाहीत त्याचे पैसे कापले का, आणि आपण नाताळला गावी गेलो त्या आठवड्याचे? त्यांच्या चहाचा कप वेगळा आहे का? पाळकसाहेबांचे मानधन मंडळीने किती महिने थकवले आहे, आणि त्याच महिन्यांत मंदिराच्या रंगकामाला पैसे कुठून आले? कबरस्तानात खड्डा खणणाऱ्याला दुःखाच्या गडबडीत घासाघीस करून किती दिले? हे प्रश्न आध्यात्मिक वाटत नाहीत म्हणून उपासनेत विचारले जात नाहीत. लेवीय मात्र ते पवित्रतेच्या अध्यायात विचारतो.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), बीड, जालना या भागांतल्या वाचकांसाठी इथे आणखी थोडे लिहायला हवे. ऊसतोडीला जाणारे नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ते दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगामभर तोडलेला ऊस त्या उचलीत वळता होतो. बाईचे श्रम कोयत्यात मोजले जातात, तिच्या हातात मात्र वेगळी मजुरी पडत नाही. या गावांतल्या मंडळ्यांमध्ये तोडीला जाणारी कुटुंबे आहेत आणि ऊस लावणारीही आहेत. दोघे एकाच उपासनेत शेजारी बसतात. या पत्राचा पाचवा अध्याय तिथे वाचताना कोणाला कसे ऐकू येते, हे पाळकांनी आधी मनाशी ठरवून मगच वाचन द्यावे. ज्यांच्या घरी उसाचे बिल येते त्यांनी मुकादमाला विचारावे की या बाईच्या नावाने काय लिहिले आहे. एवढा एक प्रश्न विचारल्याने व्यवस्था बदलत नाही हे मला माहीत आहे. पण न विचारता ते वचन वाचणे मला शक्य वाटत नाही.

दुसरा अध्याय बसायच्या जागेविषयी आहे. सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला तर त्याला चांगली जागा, मळक्या कपड्यांतला आला तर तू तिथे उभा राहा किंवा माझ्या पायांजवळ बस. याकोबाने हे काल्पनिक उदाहरण म्हणून लिहिले असले तरी त्याच्या वाचकांना ते परके नव्हते. पहिल्या मंडळीला हे भोगावे लागले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात वगळले जात असल्याची तक्रार येते आणि तिचे निवारण करायला सात माणसे निवडली जातात. करिंथात प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन जेवून घेत आणि मागाहून येणारे गरीब उपाशी राहत. पौल त्यांना सांगतो की हे प्रभूचे भोजनच नाही. अंत्युखियात तर खुद्द पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता आणि याकोबाकडून काही माणसे आली तेव्हा उठून वेगळा बसू लागला. पौलाने सर्वांसमोर त्याला बोल लावला. सुवार्तेची कसोटी ताटावर लागली, आणि एका प्रेषिताला दुसऱ्याने तिथे अडवले.

आपल्या भूमीत ही कसोटी पहिल्या दिवसापासून लागत आली आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1813 साली मुंबईत सुरू झाले, पुढे अहमदनगर त्याचे मोठे केंद्र बनले, आणि ख्रिस्ती होणाऱ्याने कोणाबरोबर जेवायचे, कोणाच्या विहिरीवर पाणी भरायचे हा प्रश्न प्रत्येक बाप्तिस्म्याबरोबर उभा राहिला. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधल्या वर्षांत लक्ष्मीबाईंच्या मनातले सोवळेओवळे कसे हळूहळू, एकेका पाण्याच्या तांब्यागणिक गळून पडले हे ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी कोणतीही सारवासारव न करता लिहिले आहे. आपल्या सगळ्या साहित्यात वचन आचरणात येण्याची याहून खरी नोंद मला माहीत नाही. त्यांनी आधी सिद्धान्त मान्य केला आणि मग पाणी प्यायले असे घडले नाही. पुष्कळदा हात आधी पुढे गेला आणि समजूत मागाहून आली.

त्यानंतरच्या शंभर वर्षांचे काय? नगर आणि मराठवाड्यातल्या बहुतेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून आलेल्या कुटुंबांनी उभ्या केल्या. त्यांनी ख्रिस्ताचे नाव घेतले तेव्हा गावाने त्यांची वस्ती बदलली नाही, आणि 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलतींपासूनही ते वंचित राहिले. हा बाहेरचा अन्याय. आतले दुखणे निराळे आहे. लग्न जमवताना आजही ‘मूळचे कोण?’ असे हळूच विचारले जाते. मुलगी उपासनेला नियमित येते का याच्याआधी तो प्रश्न येतो. गोव्यातही ब्राह्मण आणि चारडो घराणी धर्मांतरानंतर जात विसरली नाहीत, आणि चर्चमधले मानाचे कामकाज कोणत्या कोन्फ्रारियाकडे, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघाकडे, असावे यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. या पुस्तकाच्या पाचव्या पाठात ‘मूळचे कोण?’ हा प्रश्न त्याच शब्दांत, न झाकता, छापला आहे. काही वाचकांना तो नको वाटेल. प्रकाशनाआधी तो गाळावा अशी सूचनाही आली होती. तो राहिला याचा मला आनंद आहे.

वचन लागू करण्याच्या नावाखाली होणाऱ्या एका हानीबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. इफिसच्या पत्रातले पत्नीने पतीच्या अधीन असावे हे वचन आपल्याकडे ज्या घाईने उच्चारले जाते त्या घाईने त्याच्या आधीचे वचन उच्चारले जात नाही. ते आधीचे वचन सर्वांनी एकमेकांच्या अधीन राहावे असे सांगते. आणि नंतरची वचने पतीला स्वतःचा जीव द्यायला सांगतात. अर्धे वचन हातात घेतले की ते काठीसारखे वापरता येते. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला महिला मंडळात ‘प्रार्थना कर, सहन कर, प्रभू त्याला बदलेल’ असे सांगून परत पाठवल्याचे मी ऐकले आहे, आणि सांगणाऱ्या बायका दुष्ट नव्हत्या. पण याकोबाच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या-उपाशी बहिणीला शांतीने जा, ऊब घे, पोटभर जेव असे तोंडी सांगून काहीच न देणाऱ्याविषयी जे लिहिले आहे ते याच प्रसंगाला लागते. तिला त्या रात्री झोपायला जागा लागते. डॉक्टरांचा दाखला लागतो. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा तिच्या बाजूचा आहे हे सांगणारे कोणीतरी लागते, पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जाणारे लागते. मंडळीतल्या पंचांनी आधी हे करावे आणि प्रार्थना वाटेत रिक्षात बसून करावी.

पंडिता रमाबाईंचे नाव इथे घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या विदुषीने कोणाच्याही सांगण्यावरून वचनाचा अर्थ स्वीकारला नाही. धर्मगुरूंशीही त्यांनी पत्रांतून वाद घातले. 1889 साली विधवांसाठी शारदा सदन काढले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने हाडे निघालेल्या मुली आणि बालविधवा त्यांनी केडगावला आणल्या, आणि तिथे मुक्ती सदन वाढत गेले. अनाथांची आणि विधवांची त्यांच्या संकटात विचारपूस करणे हीच शुद्ध भक्ती, असे याकोब पहिल्या अध्यायाच्या शेवटी लिहितो. केडगावला त्या विचारपुशीचे स्वरूप काय होते? शेती होती, गाई होत्या, विणकाम होते, छापखाना होता. मुलींना हात पसरावा लागू नये अशी ती व्यवस्था होती. आणि आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करत बसल्या, अल्पशिक्षित बाईला स्वतः वाचता यावे म्हणून. त्याची छपाई मुक्तीच्याच छापखान्यात तिथल्या स्त्रियांनी केली. 1922 मध्ये रमाबाई गेल्या तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. वचन वाचणे आणि वचन करणे या दोन गोष्टी केडगावला एकाच अंगणात होत्या, आणि म्हणून या पुस्तकातले सर्व पाठ बायकांनी स्वतः मोठ्याने वाचावेत अशी माझी विनंती आहे. पुरुषांनी त्या वेळी ऐकावे. ऐकायला तत्पर, बोलायला धीमा, हा पहिल्याच अध्यायाचा सल्ला आहे.

काही गोष्टी एका घराच्या आवाक्यात नसतात. उपाशी भावाला आज जेवण देता येते, पण गावाची विहीर आटत असेल तर कौटुंबिक प्रार्थनेनंतर बाहेर पडावे लागते. वसईत 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली. शेतातल्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर विकले जात होते आणि बेसुमार बांधकामांखाली बागायती जात होत्या. त्याविरुद्ध सर्व धर्मांचे वसईकर एकत्र आले. दिब्रिटोंनीच पुढे ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले, आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. ज्याने संपूर्ण बायबल मराठीत आणण्यासाठी वर्षे घालवली तो माणूस पाण्यासाठी रस्त्यावर उतरला होता, ही गोष्ट मुलांना सांगावी. धर्मगुरूने अशा भानगडीत पडू नये असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. आमोस संदेष्ट्याचे पुस्तक वाचले असते तर त्यांनी तसे म्हटले नसते.

जिभेविषयीचा तिसरा अध्याय सर्वांच्या आवडीचा, आणि म्हणूनच त्यावरचा पाठ लहान ठेवला आहे. घोड्याच्या तोंडातला लगाम, जहाजाचे सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी ही चित्रे मुलांना सहज समजतात. मोठ्यांसाठी एकच गोष्ट सांगते. आपल्याकडे चहाडी पुष्कळदा प्रार्थनेची विनंती होऊन येते. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, कोणाला बोलू नका’ अशी सुरुवात झाली, की शेजारच्या घरातली मुलगी, तिचा मित्र, तिच्या वडिलांचे पिणे, सगळे त्या विनंतीच्या पदराखालून बाहेर येते आणि रविवारपर्यंत तरुण संघाच्या ग्रुपवर पोचते. ज्याच्यासाठी प्रार्थना करायची त्याला विचारल्याशिवाय त्याची गोष्ट सांगायची नाही, असा नियम एखाद्या मंडळीने वर्षभर पाळून पाहावा.

उद्या अमुक शहरात जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू असे बेत करणाऱ्यांविषयीचा चौथ्या अध्यायातला भाग मात्र आपल्या वाचकांनी चुकीच्या जागी लावू नये. मुलीच्या शिक्षणासाठी पैसे बाजूला टाकणे, विमा काढणे यात अविश्वास नाही. याकोबाचा रोख फुशारकीवर आहे. आणि त्याच अध्यायाच्या शेवटच्या वचनात तो म्हणतो की चांगले काय ते कळत असूनही जो करत नाही त्याला ते पाप आहे. कर्ज काढून लग्नात हजार पाने उठवण्याचा बेत आणि सख्ख्या भावाच्या औषधाला नाही म्हणणे एकाच आठवड्यात घडते, तिथे हे वचन लागते.

आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हे पाचव्या अध्यायातले शिक्षण आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचे. रात्री दोन वाजता हाक आली तरी पाळक जातात, आणि रुग्णाच्या उशाशी म्हटलेल्या गीताने घराला धीर येतो. पण या वचनाचा आधार घेऊन मधुमेहाच्या गोळ्या बंद करायला सांगणारे, क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडायला लावणारे प्रचारक गावोगाव फिरत आहेत. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्याला काय प्यावे तेही लिहून कळवतो. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली रुग्णालय सुरू केले, आणि तिथून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकांच्या कितीतरी पिढ्यांनी महाराष्ट्रभर रात्रपाळ्या केल्या. जखम धुणे हे त्यांना प्रार्थनेहून वेगळे वाटले नाही. आपल्या प्रत्येक मंडळीत अशी एखादी निवृत्त सिस्टर असते. तेलाची बाटली घेऊन निघालेल्या वडिलांनी तिला बरोबर घ्यावे, आणि औषधांची चिठ्ठी तिला वाचू द्यावी.

हे पुस्तक वापरायचे कसे, याबद्दल थोडेसे. पहिल्या संध्याकाळी पाठ उघडू नका. सगळे पत्र एका बैठकीत, न थांबता, घरातल्या दोघातिघांनी मिळून वाचा. ते पत्र म्हणून लिहिले गेले आणि जमलेल्या लोकांपुढे वाचले गेले. एकेक वचन सुटे करून भिंतीवर लावायच्या आधी त्याचा सलग आवाज कानात जाऊ द्या. पुढे आठवड्याला एक पाठ पुरे. प्रत्येक पाठाखाली तीन ओळी रिकाम्या सोडल्या आहेत: एक नावासाठी, एक रकमेसाठी किंवा वस्तूसाठी, एक वारासाठी. ‘मी अधिक प्रेमळ होईन’ असे तिथे लिहू नका. ‘शुक्रवारी धाकट्या जावेकडे जाईन, बांगड्यांचा विषय मिटवीन’ असे लिहा. काही आठवडे त्या ओळी कोऱ्या राहतील. राहू द्या, पण पान उलटण्याआधी एकदा पाहा.

मुलांना प्रश्न विचारू द्या. आईबाबांच्या वागण्यावरचा प्रश्न आला तर त्यांना गप्प करू नका. तुम्हाला उत्तर देता येत नसेल तर तसे सांगा. ज्या घरात वडील चुकल्याचे कबूल करतात त्या घरातली मुले पुढे मंडळी सोडत नाहीत असे मी म्हणणार नाही, तशी हमी कोणालाच देता येत नाही. पण ती मुले घरी आलेल्या पाळकांशी डोळ्याला डोळा भिडवून बोलतात, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

याकोबाच्या पत्राला नेहमीसारखा शेवट नाही. सलाम नाहीत, आशीर्वाद नाही. सत्यापासून भटकलेल्याला कोणी परत आणले तर काय होते, एवढे सांगून ते थांबते. म्हणून शेवटचा पाठ मंडळीत यायचे ज्यांनी सोडले त्यांच्याविषयी आहे, आणि तो पाठ घरात बसून करता येत नाही. मंडळीच्या नोंदवहीत त्यांची नावे आणि पत्ते आहेत. दोघादोघांनी एकेका घरी जावे, उपदेश न करता बसावे, आणि तुम्ही का यायचे थांबलात असे विचारावे. कोणी म्हणेल, वेळ मिळत नाही. कोणी म्हणेल, मुलाच्या लग्नात आमच्या पंक्तीला तुम्ही बसला नाहीत. कोणी म्हणेल, माझ्या नवऱ्याच्या अंत्यविधीचे पैसे मी भरू शकले नाही म्हणून लाज वाटली. जे सांगतील ते लिहून आणा आणि पंच कमिटीच्या पुढच्या सभेत, प्रार्थनेनंतरचा पहिला विषय म्हणून, वाचून दाखवा.